कोरड्या इहिरीतला घारमानूस

तिसऱ्या आन चवथ्या मजल्याच्या मदी लिफ्टनं झटका दिला. लई मोठा न्हवं. हातातल्या कपातला चहा बशीत सांडंल न सांडंल, येवढाच. मंग लिफ्ट थांबली, वरचा दिवा मिचमिचला, आन माझा डावा पाय आपसूक खाली दाबला गेला. तितं कायबी न्हवतं, नुसती रबराची चटई. सा वर्सं झाली व्हती पायाखालचा ब्रेक जाऊन, पन पायाला ते कुनी सांगितलंच न्हवतं. लिफ्टमदी माझ्यासंगं एकच मानूस व्हता. त्येनं कुबडी पत्र्याला टेकवली, माझ्या पायाकडं बगितलं आन खदाखदा हसला. म्हनला, "दाजी, तुमी अजून झटकंच देताय व्हय!"

त्यो हौशीराम. माझा म्हेवना, माझ्या बायकोचा, साळुबाईचा पाठचा भाऊ. खालच्या मजल्यावर त्यो लिफ्टमदी शिरला तवाच मी त्येला वळखला व्हता. मानूस वळखायला काय लागतं, त्येची कुबडी फरशीवर वाजली तवाच वळखला. पन मी वर न बगता इचारलं, "कितवा?" परक्या मानसाला इचारतात तसं. त्यो बी म्हनला, "सगळ्यात वरचा." मी आठाचं बटन दाबलं. आता सांगा राव, ज्या मानसाच्या बहिनीच्या हातची भाकर मी रोज खातो, त्येला मी मजला इचारला. आन त्येनं मला सांगितला. असं तीन मजलं आमी एकमेकाकडं पाठ करून वर गेलो, मंग त्यो झटका आला. मी टेलिफोन लावून खाली सांगितलं, अडकलोय म्हनून. खालचा म्हनला, मानूस येतोय, धा मिंटं. हौशीराम तंवर खाली बसला बी व्हता, लाकडी पाय लांब करून, जसा काय बांदावर बसलाय. पिशवीतनं त्येनं एक पुस्तक काढलं आन माझ्या म्होरं धरलं. लहान पोरांचं चित्राचं पुस्तक. वर लिवल्यालं, घारमानूस. एक गडी आभाळात, पंख पसरल्याले, एक पाय मानसाचा आन एक पाय घारीच्या नख्यांचा. सगळं पुस्तक दोनच रंगात, पिवळा आन लाल. मंचरला लगनाच्या पत्रिका छापतात तितं छापल्यालं, तितं हळदीकुंकवाच्या रंगाबिगर दुसरी शाईच न्हवती. पयल्या पानावर त्या छापखान्यावाल्यानं सवयीनं गनपती बी घातला व्हता, आन खाली 'आपले नम्र' म्हनून हौशीरामाचं नाव. म्हनला, "मीच काढलंय. पडून पडून काय करनार? आता कळंबचा आदेश हाये न्हवं, लगनाची शुटिंगं करतो त्यो, त्यो ह्याचा पिच्चर काढतोय. घारमानूस मीच. इहिरीतनं उडत वर येतो त्यो. यारीवर लटकून यायचंय." मी बटनांकडं बगत राहिलो. त्यो म्हनला, "यारीवर दुसरं कुनी बसलं तर मी लटकनार न्हाई. आदेशला तसं सांगूनच आलोय." मी म्हनलं, "मी सोडलंय ते काम." त्यो म्हनला, "मला म्हाईत हाये. मी बी सोडलंय." आन परत हसला. तेवढ्यात लिफ्ट हालली. आठव्यावर दार उघडलं. त्येला तितं कायबी काम न्हवतं. आमी तसंच खाली आलो.

यारी म्हंजी काय, ते शहरातल्या मानसाला सांगावं लागतं. इहीर खनताना खालचा मुरूम, दगूड वर काढायचं यंत्र. काठावर खांब, त्येला लांबडा हात, हाताच्या टोकाला चाक, चाकावरनं तारंचा दोर, दोराला बकेट. डिझेलचं इंजन. एका हातात दोर वढायचा दांडा, दुसऱ्या हाताला यारीचा हात फिरवायचं चाक, पायात ब्रेक. बकेट भरली की खालचा हाळी देतो, मी वढायचो. बकेट काठाच्या वर आली की यारीचा हात उजवीकडं फिरवायचा, मुरमाच्या ढिगावर न्यायचा, पायातला ब्रेक सोडायचा, बकेट ढिगावर आपटून आडवी. परत हात माघारी. दिसाला दीडशे डाव. मी चवथीपातूर शिकलो, पन ह्यात मी पंडित व्हतो. इंजनाच्या आवाजावरनं सांगायचो की बकेटमदी मुरूम हाये का पाषान, का मानूस. मानसाचं वजन हालतं. मानूस बकेटच्या काठावर उभा राहून दोर धरून येतो, त्येचा जीव त्येच्या वजनात असतो, ते दांड्यातनं तळव्याला कळतं. ब्याण्णव-त्र्याण्णव साली धरनाचं पानी असून बी माळावरची मानसं इहिरी पाडत व्हती. येडगावच्या माळावर गेणभाऊची इहीर आमच्याकडं. खाली हौशीराम सुरुंगाची भोकं पाडायला, वर मी. दुपारच्या भाकरीच्या टायमाला त्यो वर येत व्हता, काठावर उभा राहून, तोंडानं कायतरी गानं. काठ धा हात राहिला आसंल, आन माझ्या तळव्यातलं वजन गेलं. बास. नुसतं गेलं. आवाज मागनं आला. लोकं म्हनतात किंचाळला, मला ते आठवत न्हाई. मला तळवा आठवतो, हलका झाल्याला.

जे कुनाला म्हाईत न्हवतं ते हे, की त्या दिशी सकाळी मी दोराला मिशा बगितल्या व्हत्या. तारंच्या दोराची बारीक तार तुटली की ती बाहीर येती, मांजराच्या मिशीवानी. दोन दिसल्या. दोन मिशांचा दोर मुरमाला चालतो, मानसाला चालत न्हाई, हे मला ठाऊक. मी म्हनलं आजचा दीस काढू, उद्या बदलू. हे मी कुनाला सांगितलं न्हाई. साळुबाईला न्हाई, गेणभाऊला न्हाई, दवाखान्यात हौशीरामाचा पाय गुडघ्याखालनं काढला तवा त्येच्या उशाला बसून व्हतो, त्येला बी न्हाई. पंधरा दिसांनी पुन्याला निगून आलो. लिफ्टवर लागलो. सायेब लोकं हसायची, म्हनायची ह्या लिफ्टला तर बटनं हायत, मानूस कशाला. मला बरं वाटायचं. बटन दाबलं की जातं, आपलं कायबी न्हाई त्यात. दिवाळीत भाऊबीजेला साळुबाई भावाला ओवाळायला गावी जायची, मी तिला नारायणगावपातूर घिऊन यायचो आन येष्टी स्टँडवर बसून राहायचो. चहा प्यायचो, पेपरातली चित्रं बगायचो, परत चहा. तिनं सा वर्सांत एकदा बी म्हनलं न्हाई, की चला. आन मी एकदा बी म्हनलं न्हाई, की येतो. बाईचं न बोलनं लई वाईट राव. ती भांडली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं.

त्या सांजंला ते पुस्तक मी घरी नेलं. साळुबाईनं भाकरी थापता थापता वाचलं, पीठाची बोटं पानापानाला लागली. मी तिच्या मागनं वाचलं. आन काय सांगू, सगळं पुस्तक मी माझं तोंड हुडकत वाचलं. एक गडी इहिरीत पडतो, खाली त्येला जखमी घार सापडती, त्यो तिला पानी पाजतो, ती त्येला आपला पाय देती आन पंख देती. मंग त्यो उडतो आन गावोगावचं झरं बुजवनाऱ्या डांबर राक्षसाला चोपतो. मला वाटलं व्हतं राक्षस मी असनार. राक्षसाला गेणभाऊच्या मिशा व्हत्या. पडतानाच्या पानावर तर वर कुनीच न्हवतं. गोल काठ, त्यात गोल आभाळ, आन तुटका दोर. मला बरं वाटायला पायजे व्हतं. पन मला असं झालं की मला त्येनं जगातनंच खोडलंय. राक्षसाला तरी तोंड असतं. साळुबाईनं पुस्तक मिटलं, वरचं पीठ फडक्यानं पुसलं आन म्हनली, "कवा जायचंय?" मी म्हनलं, "म्या कुटं हो म्हनलोय." ती म्हनली, "मी इचारलं कवा जायचंय."

मे म्हैन्यात गेलो. सगळ्या शिवारात इहिरींना पानी, कालव्याचा पाझर लई. आदेशला कोरडी इहीर पायजे व्हती, घारमानूस कोरड्या इहिरीतनं वर येतो म्हनून. पंचक्रोशीत कोरडी इहीर एकच. चाळीस फुटांवर अर्धवट सोडल्याली, गेणभाऊची. हौशीराम पडल्यापासनं तितं कुनी कुदळ लावली न्हवती. मुरमाचा ढीग तसाच, त्येच्यावर घानेरी उगवल्याली. मी काठाला गेलोच न्हाई, लांबनंच बगितलं. गेणभाऊ राक्षसाचा डगला घालून बसला व्हता, काळ्या ताडपत्रीचा, आन घामानं निथळत व्हता. म्हनला, "या पावनं! सा वर्सांनी आलात, आन आल्यावर मला राक्षस बगताय." हौशीरामाच्या पायाला लोहारानं कुदळीची टोकं वाकवून नख्या बनवल्या व्हत्या. पंख पिवळ्या ताडपत्रीचं, छातीवर लाल घार. आन त्येला लटकवायचा पट्टा शिवला व्हता प्रज्ञानं. प्रज्ञा म्हंजी नारायणगावात जिचं शिलाईचं दुकान हाये ती, आंबेडकर जयंतीला अख्ख्या वस्तीचं निळं झेंडं शिवती. तिनं ट्रकच्या सीटचा पट्टा चार पदरी करून जांगंतनं, छातीवरनं घेतला व्हता. मी त्यो वढून बगायला लागलो तशी ती म्हनली, "काका, वढा, दात लावून वढा. मी ब्लाऊज शिवते, मानूस लटकवायचं पयल्यांदाच शिवलंय. पन माझी शिलाई तुटनार न्हाई. तुमचा दोर तेवढा बगा." तिला काय म्हाईत, तिनं कुटं बोट ठेवलं ते.

मी दोर बगितला. नवा करकरीत दोर, मी सवता मंचरवरनं आनल्याला. कापूस घेतला आन टोकापासनं टोकापातूर दोरावरनं फिरवला. तुटकी तार असली की कापूस अडकतो. कुटं अडकला न्हाई. परत फिरवला. तिसऱ्यांदा फिरवताना मला कळलं की मी कापूस अडकायची वाट बगतोय. अडकला असता तर म्हनलो असतो, न्हाई जमत, आन साळुबाईला घिऊन परत पुन्याला, बटनाकडं. कापूस गुळगुळीत आला. मंग मुरमाची बकेट खाली-वर करून बगितली, वीस डाव. हात चालत व्हता. यारीच्या शीटवर बसलो तवा तिचा थरकाप माझ्या दातापातूर आला, आन खोटं कशाला बोलू, लई गोड वाटलं. सा वर्सांनी कुनीतरी माझं नाव घिऊन हाक मारल्यावानी.

आदेश काठावर पालथा पडला, कॅमेरा इहिरीत रोखून. हाफ पँट, गळ्यात शिट्टी. म्हनला, "काका, सोपं हाये. खालनं सुसाट वर, काठाच्या वर पाच हात, आन तितंच थांबवायचं. आभाळात लटकल्याला दिसला पायजे. बास." हौशीरामाला बकेटमदनं खाली सोडला, हळू, लई हळू. खाली जाऊन त्येनं बकेट सोडली आन पट्टा दोराला अडकवला. शिट्टी वाजली. मी दांडा वढला. आन तळव्याला कळलं. हालतं वजन. जीव असल्यालं. मी त्येला एक एक बोट वर आनला, जसं काय तुपाची बरनी फळीवरनं काढतोय. मदी दोन डाव थांबलो. काठाला आला तवा त्येचं पंख मिटल्यालं, तोंड रडकं, आन कडंला जमल्याली मानसं फिसफिसायला लागली. गेणभाऊ मोठ्यानं म्हनला, "आरं हिरो हाये का इहिरीतनं काढल्यालं मांजार?" सगळी हसली. हौशीराम बी हसला, पन माझ्याकडं बगून त्येचं हसू राहिलं तितंच. दुसरा डाव, तसंच. तिसरा, तसंच. आदेश उठून आला. पोरगं चांगलं, पन कुनावर बी न चिडता बोलायचं त्येला लगनात जमलं व्हतं, हितं जमंना. म्हनला, "काका, असं तर नवरी सुदीक मांडवात येत न्हाई." आन मंग हळूच, "दुसरा आपरेटर बगू का?"

मी खाली उतरलो. खरं तर पळून जायला उतरलो. साळुबाई आडवी आली. पदर खोचल्याला, ऊन तोंडावर. सा वर्सांत पयल्यांदा बोलली त्येच्यावर. म्हनली, "माझा भाऊ आन माझा नवरा एकाच दोरावर हायत. मला काय त्ये डोळ्यानं बगू द्या. तुमी गेलात तर मी परत येष्टी स्टँडवर तुमच्याकडं येनार न्हाई." हौशीराम तंवर पट्ट्यासकट लंगडत आला. पंख भुईवर घसटत व्हतं. म्हनला, "दाजी, काय झालं?" आन मंग माझ्या तोंडातनं ते निगालं. तितंच, सगळ्यांच्या म्होरं, राक्षसाच्या म्होरं, कॅमेऱ्याच्या म्होरं. मी म्हनलं, "त्या दिशी दोराला मिशा व्हत्या. सकाळी बगितल्या व्हत्या मी. दोन. तरी तुला चढवला." इंजन तेवढं धकधकत व्हतं. मी साळुबाईकडं बगितलं न्हाई. हौशीरामानं नाकावरचा घाम पंखाला पुसला. म्हनला, "दोन न्हवं. तीन व्हत्या. एक चाकाच्या खालती, तुमच्या शीटवरनं दिसायची न्हाई." मी वर चाकाकडं बगितलं. त्यो म्हनला, "मिशा तुमी एकट्यानं बगितल्या व्हय? मी रोज लटकत व्हतो त्येला. माझ्या नाकाम्होरनं जायच्या. मला बी भाकर खायची व्हती, शिडी कोन चढनार म्हनून गप बसलो. सा वर्सं वाट बगतोय मी, की ह्यो मानूस येईल आन मंग मी त्येला सांगंन. तर ह्यो लिफ्टमदी मला मजला इचारतोय!" आन शिव्या घातल्या राव मला. बहिनीच्या म्होरं घालता येतील तेवढ्याच, पन पोटभर. मंग म्हनला, "पुस्तकात तुमचं तोंड का न्हाई काढलं म्हाईत हाये? दहादा काढलं. दर डावाला रडकं यायचं. रडक्या तोंडाचं काय करू? बसा वर. मुरूम काढता तसा काढा मला. मी मुरूमच हाये समजा." साळुबाई दोगांकडं बगून म्हनली, "दोगं बी गाढवं." पदर डोळ्याला लावला आन काठावर जाऊन उभी राहिली, अगदी काठावर.

मी बसलो. त्येला खाली सोडला. शिट्टी वाजली. मला आठवतं ते येवढंच, की दांडा वढला आन इंजनाचा आवाज आपल्या जागंवर आला. तळव्यात वजन व्हतं, हालतं, जीव असल्यालं, पन आता मला त्येची भीती वाटंना. ते वजन मला म्हाईतीचं व्हतं. असं हजारदा काढलं व्हतं मी त्येला, भाकरीला, चहाला, पाऊस आला म्हनून, सुरुंगाची वात पेटवून. उगाच एकाच डावाला धरून बसलो व्हतो. दोर सरसर आला. इहिरीच्या काळ्या तोंडातनं त्यो पिवळा लाल असा बाहीर फुटला, पंख फडाफड, नख्या म्होरं, तोंडातनं आरोळी. काठाच्या वर पाच हात. हितं थांबवायचं व्हतं. पन माझ्या हाताला कुनी सांगितलं? बकेट काठाच्या वर आली की हात उजवीकडं फिरतो, दीडशे डाव दिसाला, बारा वर्सं. फिरला. सगळा जोर लावून फिरला. यारीचा लांबडा हात गरकन गेला आन हौशीराम त्येच्या टोकाला. आदेशच्या डोक्यावरनं गेला, आदेश कॅमेरा घिऊन उताना पडला तरी बोट बटनावरच. गेणभाऊच्या मिशांवरनं गेला. बाभळीच्या शेंड्याला त्येचा पंख लागला. लोकं खाली बसली. त्यो आडवा, सरळ, पंख पसरल्यालं, उडत व्हता. लटकत न्हवता राव, उडत व्हता. आन मला कळलं त्यो कुटं चाललाय. मुरमाच्या ढिगाकडं. आन माझा डावा पाय ब्रेकवरनं उचलायला लागला व्हता, कारन ढिगावर आलं की ब्रेक सोडायचा, बकेट आपटायची.

तेवढा एक डोळ्याच्या पापनीयेवढा टाईम. पाय अर्धा उचलल्याला. ह्या पायाला बारा वर्सं एकच शिकवल्यालं, आन मी त्येला म्हनलं, न्हाई. त्येनं ऐकलं. दाबला. दोर करकर वाजून उभा राहिला. हौशीराम ढिगाच्या वर एक वीत लटकला, हिसका खाऊन दोन डाव गोल फिरला. मी त्येला सोडला, असा सोडला, जसं झोपल्यालं पोर खाटंवर ठेवत्यात. त्यो ढिगाच्या शेंड्यावर, घानेरीत, घारीच्या एका नखीवर उभा राहिला. पंख उघडं. वारा व्हता. कुनी टाळी बी वाजवली न्हाई. मला वाटलं संपलं, आता शिव्या. त्येनं मान वळवून मला हुडकलं आन वरडला, पार धरनाच्या भिंतीपातूर गेलं आसंल, "दाजीऽऽ! परत!" आदेश उतानाच पडून रडत व्हता, म्हनत व्हता, आलं, आलं, सगळं आलं, मी असं लिवलंच न्हवतं. गेणभाऊ टोपी उडवून म्हनला, "आरं मला बी एकदा उडवा, राक्षसाला काय हौस नसती काय?" त्या दिशी मी हौशीरामाला अकरा डाव काढला. आदेशचं काम चवथ्या डावातच झालं व्हतं. बाकीचं सात त्येचं आन माझं. शेवटाला एक डाव गेणभाऊला बी काढला, त्यो डोळं मिटून राम राम म्हनत आला.

दसऱ्यानंतर कळंबच्या मंगल कार्यालयात पिच्चर लावला. खिडक्यांना ताडपत्र्या, मंचरच्या व्हिडिओवाल्याचा जुना प्रोजेक्टर, दुपारचं दोन वाजल्यालं, आन मानसं तर अशी की लगनाला बी येत न्हाईत. हौशीराम पयल्या रांगंत, कोऱ्या टोपीत. प्रज्ञा सगळ्यांना सांगत व्हती की पट्टा माझा हाये, नीट बगा, पट्टा दिसनार न्हाई पन हाये. आदेशच्या मिक्सिंगच्या मशिनीत सगळी लगनाचीच कला, त्यामुळं घारमानूस राक्षसाला ठोसा मारायचा तवा पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या आन बदामाच्या आकारात गेणभाऊचं तोंड यायचं. लोकं हसून हसून लोळली. मंग इहीर आली, आन मी डोळं मिटलं. खरं सांगतो. यारीवर बसून न्हाई मिटलं, पन हितं खुर्चीत बसून मिटलं. इंजनाचा आवाज आदेशनं काढून टाकला व्हता, सनई लावली व्हती. मी नुसतं ऐकत व्हतो. मंग शिट्ट्या, अशा शिट्ट्या की वरचा पत्रा हालला. कुनीतरी वरडलं, "मागं घे, मागं घे!" आदेशनं परत लावलं. परत शिट्ट्या. चार डाव लावलं, चारी डाव मी मिटूनच. पाचव्याला साळुबाईनं माझा हात धरला, सगळ्या लोकांत, आन म्हनली, "अवं, उघडा. म्या काठावर उभं राहून बगितलं, तुमी खुर्चीत बसून बगा."

उघडलं. इहिरीचं तोंड काळंभोर, आन त्यातनं त्यो आला. मी त्येला कवा असा समोरनं बगितलाच न्हवता, मी आपला कायम दांड्याच्या मागं. त्यो वर आला, फिरला, उडाला, आन त्येच्या खालनं माळावरनं एक लांबडी सावली त्येच्या बरोबर पळत गेली. यारीच्या हाताची. आदेश मागनं म्हनला, "काका, ती काढायची राहिली, चूक झाली." पन साळुबाई उठून उभी राहिली व्हती. जी बाई नवऱ्याचं नाव घेताना उखाना घेती, ती बोट पडद्याला लावून, तीनशे मानसांत वरडली, "ती सावली बगा! ते आमचं सावळाराम हायत!" सगळं कार्यालय मागं वळून माझ्याकडं बगायला लागलं. हौशीराम पयल्या रांगंत कुबडी वर करून उभा राहिला. मी बी उभा राहिलो. मंग दोन बोटं तोंडात घातली, आन चाळिसाव्या वर्सी, बायकोच्या आन म्हेवन्याच्या म्होरं, अशी शिट्टी मारली की आदेश पळत जाऊन परत पिच्चर मागं घ्यायला लागला.